शिकागो म्हणजे तुमचं मंगल कार्यालय नाही

प्रति,
वर्ल्ड रग्बी (डब्लिन) आणि यूएसए रग्बी इथले सगळे निर्णय घेणारे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय कारण चिडल्यावर मला इंग्रजी सुचत नाही. तुमच्याकडे बजेट आहे, कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि नाहीच वाचलंत तर निदान आमच्या शिकागोच्या मराठी मंडळींना तरी कळेल की ही बाई दर शनिवारी सकाळी चिखलाचे बूट घेऊन कुठे जाते ते.

मी मूळची सांगलीची, 2012 पासून शिकागोच्या पश्चिमेकडच्या सबर्बमध्ये राहते. रग्बीतलं मला काही कळत नव्हतं, खरं सांगायचं तर अजूनही रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलवरच्या झटापटीत) नक्की कोणाची चूक झाली हे रेफरीने हात वर केल्याशिवाय कळत नाही. पण पोरगी खेळते. पंधरा वर्षांची आहे, स्क्रमहाफ आहे (म्हणजे गर्दीतून बॉल काढून पुढे देणारी), आणि तिच्यामुळे मी या भानगडीत पडले ती पडलेच.

तर 1 नोव्हेंबर 2025. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी, पोरीच्या जॅकेटच्या खिशात अजून आदल्या रात्रीची चॉकलेटं, आणि आम्ही शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमच्या गेटवर रांगेत. आयर्लंड विरुद्ध न्यूझीलंड. चारी बाजूंनी हिरवे जर्सी, काळे जर्सी, डब्लिनहून आलेले, ऑकलंडहून आलेले, बॉस्टन न्यूयॉर्कहून आलेले आयरिश काका लोक, लेकवरून येणारा वारा नेहमीसारखा कानात घुसतोय. आमच्या बाईसाहेबांनी घातला होता अमेरिकेचा जर्सी. म्हणजे जत्रेत आपण एकटेच वेगळ्या गावच्या देवाचा गुलाल लावून गेल्यासारखं. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिला प्रेमाने विचारलं की तुझी टीम आज कुठे खेळतेय गं, आणि तिने मोबाईल काढून दाखवला. एडिंबरा. स्कॉटलंड 85, अमेरिका 0.

पंच्याऐंशी शून्य. त्याच दिवशी. अमेरिकेच्या भूमीवर रग्बीचा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, स्टेडियममध्ये 61 हजारांच्या वर पब्लिक, आणि अमेरिकेची टीम घरात नाहीच, ती समुद्रापलीकडे तेरा ट्राय खाऊन बसलीय. आजोबांनी पोरीच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे सरकले. ती काही बोलली नाही, मोबाईल खिशात टाकला आणि एका चॉकलेटचा कागद काढून ते खाल्लं.

मला तेव्हाच हे पत्र लिहायचं होतं, पण मग मॅच सुरू झाली, आणि मॅच भारीच होती, खोटं का बोला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच आयर्लंडच्या टायग बर्नला कार्ड मिळालं, आधी पिवळं, मग ते आत बसलेल्या ऑफिशियलने व्हिडिओ बघून वीस मिनिटांचं लाल केलं. माझ्या शेजारी एक जण बसला होता, बेअर्सची (इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची) टोपी, बायकोने वाढदिवसाला तिकीट दिलेलं, आयुष्यातली पहिली रग्बी मॅच. तो मला विचारतो, हा आता परत येणार का? म्हटलं हा नाही, पण वीस मिनिटांनी याच्या जागी दुसरा येईल. तो म्हणाला मग हे लाल कसलं? पोरीने मग त्याला सगळं समजावलं, बंकर म्हणजे काय (तोच आत बसून व्हिडिओ बघणारा ऑफिशियल), टॅकलची उंची का मोजतात, आणि हाफटाइमपर्यंत हा माणूस स्क्रमच्या वेळी (दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून रेटतात तेव्हा) उभा राहून ओरडायला लागला होता. आयर्लंड साठाव्या मिनिटापर्यंत पुढे होतं, शेवटी ऑल ब्लॅक्सनी, म्हणजे न्यूझीलंडने, 26-13 ने नेली. जाताना त्या माणसाने विचारलं, इथे पुढची मॅच कधी?

आता सांगा, काय उत्तर द्यायचं त्याला? पुढची कधी ते तुम्हालाच माहीत. आधी आयर्लंड न्यूझीलंड इथे भेटले होते 2016 ला, म्हणजे मध्ये नऊ वर्षं.

आमच्याकडे मंगल कार्यालय असतं. हॉल. वधूपक्ष एका गावचा, वरपक्ष दुसऱ्या गावचा, दोघांना मधलं म्हणून तिसऱ्या गावातला हॉल घेतात. भाडं देतात, मांडव, सनई, पंगत, आहेर, फोटो, संध्याकाळी पाठवणी, आणि रात्री हॉलवाला खुर्च्या आवरतो आणि उरलेली पत्रावळ गोळा करतो. गावातल्या लोकांना काय, लाऊडस्पीकर ऐकायला मिळतो. साहेब, शिकागोचा तुम्ही हॉल केलाय. किकऑफ दुपारी तीनला का, तर डब्लिनमध्ये शनिवारची रात्र असते आणि न्यूझीलंडमध्ये रविवारची सकाळ. आमच्या पोरांच्या मॅचेस त्याच शनिवारी असतात हे कोणाच्या ध्यानीमनी नाही. चालायचंच, टीव्हीचा पैसा मोठा, ते मला कळतं, मी काही कालच आलेली नाही.

पण हॉलमध्ये जी लग्नं झाली ती बाकी झकास झाली हे मान्य करायलाच हवं. 2016 चं तर मी मरेपर्यंत सांगेन. बाबा तेव्हा सांगलीहून आले होते. 5 नोव्हेंबर. त्याच्या आदल्या दिवशी कब्सची (इथल्या बेसबॉल टीमची) मिरवणूक, 108 वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकलेले, अख्खं शहर निळं होऊन रस्त्यावर, ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बाबा म्हणाले हा तर आपला अनंत चतुर्दशीचा दिवस. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मॅचला. ऊन चांगलं होतं, लोक टीशर्टवर, आणि बाबा स्वेटर, मफलर, माकडटोपी, पूर्ण बंदोबस्तात. हाका (ऑल ब्लॅक्सचा मॅचआधीचा नाच) सुरू झाला तेव्हा आयर्लंडचे खेळाडू आठच्या आकड्यात उभे राहिले, त्यांच्याकडच्या मन्स्टर टीमचा कोच अँथनी फोली काही दिवसांपूर्वीच गेला होता, त्याचा जर्सी नंबर आठ. मी हे बाबांना सांगितलं तर त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली.

मग मॅचभर त्यांची कॉमेंट्री. बाबांनी तरुणपणी तालमीत अंग घासलेलं आणि कबड्डीत कोपरा धरलेला माणूस, त्यांना पाच मिनिटांत सगळं कळलं. टॅकलला म्हणाले पकड. डिफेन्सची लाईन पुढे आली की म्हणायचे साखळी तुटू देऊ नका रे. लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल परत आत फेकतात तेव्हा) एकाला दोघांनी वर उचललं तर, अगं ही तर दहीहंडी, फक्त हंडी फेकून देतायत. आयर्लंड 40-29 ने जिंकलं. ऑल ब्लॅक्सना 111 वर्षांत पहिल्यांदा हरवलं, आणि तेही सलग अठरा मॅच जिंकून आलेल्या टीमला. माझ्या पुढच्या रांगेतला एक मोठा माणूस, सहा फूट, दाढी, हमसून हमसून रडत होता आणि बाबांनी त्याला आपला रुमाल दिला. 108 आणि 111, एकाच आठवड्यात. शिकागोत त्या आठवड्यात काहीही मागितलं असतं तर मिळालं असतं, आणि तुम्ही काय मागितलं? काहीच नाही. बॅगा भरल्या आणि गेलात.

हेच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

बघा ना, 2014 ला ऑल ब्लॅक्स इथे अमेरिकेशी खेळले, 74-6, तरी 61,500 लोक आले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आली, 47-10, लोक आले 23 हजारच्या आसपास. म्हणजे लोक हरण्याला घाबरत नाहीत, पण मधल्या दहा महिन्यांत कोणी त्यांच्या दारात जाऊन विचारपूस केली नाही तर ते विसरतात, साधी गोष्ट आहे. मग 2018 ला एकदाच तुम्ही शहाण्यासारखं केलंत. एका दिवसात तीन मॅच, अमेरिकेच्या बायका ब्लॅक फर्न्सशी (न्यूझीलंडच्या बायकांशी), आयर्लंड इटलीशी, आणि अमेरिकेचे पुरुष माओरी ऑल ब्लॅक्सशी (न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंच्या टीमशी). अमेरिकेचा दोन्हीकडे धुव्वा उडाला ते सोडा. पण माझ्या आठ वर्षांच्या पोरीने त्या दिवशी पहिल्यांदा बायकांना टॅकल करताना बघितलं आणि घरी येऊन सोफ्यावर तिच्या बाबाला पाडलं. तिची रग्बी तिथून सुरू झाली. एका तिकिटात, दुपारी, ज्या मॅचला बहुतेक लोक अजून बाहेर पार्किंगमध्ये बिअर पीत होते त्या मॅचमुळे. ते मॉडेल शिकागोत पुन्हा केलं नाहीत. का? मला खरंच विचारायचंय, का?

तुमच्या खेळात ही सवय जुनीच आहे म्हणा. आमच्या कलकत्त्याचं उदाहरण देते. तिथे इंग्रजांचा रग्बी क्लब होता, कलकत्ता फुटबॉल क्लब, तो 1870 च्या दशकात बंद पडला, तेव्हा मेंबर लोकांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि एक कप बनवला, नागांच्या फण्यांचे दांडे आणि झाकणावर हत्ती. आणि तो कप पाठवला इंग्लंडला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. नाव कलकत्ता कप, रुपये कलकत्त्याचे, हत्ती कलकत्त्याचा, आणि कलकत्त्यात काय राहिलं? पुढे तिथे रग्बी जगलं ते तिथल्या लोकांनी जगवलं म्हणून. परवाच्या मॅचलाही इथल्याच एका इन्शुरन्स कंपनीच्या नावाचा कप होता. तोही न्यूझीलंडला गेला. आता जिंकले म्हणून नेला, त्याबद्दल तक्रार नाही, पण कलकत्ता आठवलं.

क्रिकेटवाल्यांचंही काही वेगळं नाही, आमचे हे (म्हणजे नवरा) क्रिकेटवाले आहेत म्हणून हे मला दिवसरात्र ऐकावं लागतं. 2024 च्या टी-20 वर्ल्ड कपला न्यूयॉर्कजवळ नासाऊ काउंटीत 34 हजारांचं स्टेडियम उभं केलं, भारत पाकिस्तान खेळवलं, आणि नंतर पाडून टाकलं. आठवण काय राहिली? आपला सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा पोरगा, दिवसा सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि त्याने सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला रोखलं. डॅलसमधल्या त्या एका दुपारी आमच्या ऑफिसातल्या ज्या गोऱ्यांना क्रिकेट म्हणजे किडा वाटायचा ते दुसऱ्या दिवशी विचारत होते कोण हा. अमेरिकेची टीम मैदानात होती म्हणून. पाहुण्यांच्या मॅचवर असं कोणी विचारत नाही.

बरं आता आमच्या ग्राउंडची गोष्ट. नाव नाही घेत कोणाचं. पार्कमधलं मैदान आहे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी मिळतं, तेही दुसऱ्या खेळांनी घेतलं नाही तर. मागच्या स्प्रिंगमध्ये तीन शनिवार आम्हाला आदल्या रात्री मेसेज आला की उद्या ग्राउंड नाही. मग तीस पोरी, पालकांच्या गाड्या, आणि एक शाळेच्या मागचा गवताचा तुकडा जिथे कुत्रे फिरवतात. रग्बीचे खांब नाहीत. एच आकाराचे खांब आमच्याकडे नाहीतच, पोरी किक मारतात ती दोन झाडांच्या मध्ये, डावीकडचं मेपल थोडं वाकडं आहे म्हणून कोच सांगते की मेपलच्या बाजूने नेम धर. कोच फुकट काम करते, नर्स आहे, नाइट शिफ्ट करून येते. रेफरी मिळत नाहीत, एकदा मॅचला रेफरी आला तो तीन तास ड्राइव्ह करून, आणि त्याच दिवशी त्याला अजून दोन मॅचेस होत्या. टॅकल बॅग फाटलेल्या, त्यांना मी घरून नेऊन चिकटपट्टी लावलीय, माझ्या आईची गोधडी सुद्धा एकीच्या आत आहे (आईला सांगू नका).

आणि हे सगळं सोल्जर फील्डपासून तासाभराच्या अंतरावर. तुम्ही ज्या दिवशी तिथे 61 हजार तिकिटं विकलीत त्यातल्या एका तिकिटामागे एक डॉलर, फक्त एक डॉलर या शहरात ठेवला असता तर खांबांचे किती सेट आले असते याचा हिशोब तुम्हीच करा, माझं गणित कच्चं आहे. तिकिटांवरून आठवलं, आमच्या दोघींच्या तिकिटांत घरचा महिन्याचा किराणा आला असता. क्लबच्या तीस पोरींपैकी मॅच बघायला आल्या फक्त चार.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं करायला वर्षं लागतात. नाही लागत. बेअर्सकडे बघा. त्यांनी 2021 ला शिकागोच्या शाळांमध्ये मुलींचं फ्लॅग फुटबॉल (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायचं अमेरिकन फुटबॉल) सुरू करायला हात लावला आणि 2024 ला इलिनॉयमध्ये त्याची अधिकृत स्टेट चॅम्पियनशिप झाली. तीन वर्षं! माझ्या पोरीच्या दोन मैत्रिणी रग्बी सोडून तिकडे गेल्या, कारण तिथे शाळेचा जर्सी मिळतो, बस मिळते, ईयरबुकात फोटो येतो. मी त्यांना कशी नावं ठेवू? दोन्ही खेळ 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आहेत, फ्लॅग फुटबॉल पण आणि रग्बी सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी) पण. आणि सेव्हन्समध्ये अमेरिकेच्या बायकांनी पॅरिसला ब्राँझ आणलंय, शेवटच्या सेकंदाला ॲलेक्स सेड्रिक अख्खं ग्राउंड पळत गेली ती. त्याच टीममधल्या आयलोना मेहरला ओळखत नाही अशी मुलगी या देशात शोधून दाखवा. म्हणजे हातात लोणी आहे आणि तुम्ही तूप शोधत गावभर फिरताय. कॉलेजमध्ये मुलींचं रग्बी 2002 पासून "उदयोन्मुख खेळ" आहे म्हणे. माझी पोरगी त्यानंतर जन्मली, चालायला लागली, टॅकल करायला लागली, पण हा खेळ अजून उदयोन्मुखच.

शिकागोला गृहीत धरू नका हेही सांगते. हे शहर नाही म्हणायला घाबरत नाही. 1994 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं उद्घाटन याच सोल्जर फील्डवर झालं, डायना रॉसने समोरच्या गोलात पेनल्टी बाहेर मारली ती इथेच. पण तो वर्ल्ड कप देताना फिफाने अट घातली होती की प्रोफेशनल लीग काढा, आणि 1996 ला ती लीग सुरू झाली, अजून चालू आहे, वाढलीय. आणि 2026 च्या वर्ल्ड कपच्या वेळी फिफाच्या अटी जाचक वाटल्या तर 2018 मध्येच शिकागोने सांगितलं, आम्हाला नको, लोकांचा पैसा आम्ही असा अडकवणार नाही. अमेरिकेतल्या अकरा शहरांमध्ये म्हणूनच आमचं नाव नाही. मला त्याचं वाईट वाटतं पण थोडा अभिमान पण वाटतो.

आता तुमचा वर्ल्ड कप यायचाय. 2031 ला पुरुषांचा, 2033 ला बायकांचा, दोन्ही अमेरिकेत. तुम्ही 2022 ला जाहीर केलंत. आणि त्यानंतर या देशातली मेजर लीग रग्बी बघा, 2018 ला सात टीमने सुरू झाली, मध्ये डझनभर झाल्या, आणि आता 2026 ला सहा उरल्यात. आमचे शिकागो हाउंड्स अजून टिकून आहेत, ब्रिजव्ह्यूला खेळतात, कधी जाऊन बघा, पोरं मॅच संपली की कुंपणापाशी येऊन लहानांशी बोलतात, अर्धा अर्धा तास. यूएसए रग्बी तर 2020 ला दिवाळखोरीत जाऊन आली. मी हे टोमणा म्हणून नाही सांगत, घरात पैसा नसला की काय होतं ते मला माहितेय. पण म्हणूनच विचारते, हॉलचं भाडं येतं ते जातं कुठे?

माझं मागणं फार मोठं नाहीये. मोठ्या टीम इथे आणाल तेव्हा अमेरिकेची टीम त्याच दिवशी, त्याच तिकिटात खेळू दे, 2018 सारखं, आणि बायकांची मॅच लोक पार्किंगमध्ये असताना नको, मध्ये ठेवा. 85-0 तिकडे खाण्यापेक्षा इथे खाल्ले तर निदान आपली माणसं तरी रुमाल द्यायला असतील. आणि प्रत्येक वेळी सोल्जर फील्डच कशाला? शिकागो फायर (इथली फुटबॉल टीम) दक्षिणेला नदीकाठी द सेव्हंटी-एट नावाच्या जागेवर 22 हजारांचं नवीन स्टेडियम बांधतायत, मालकाच्या स्वतःच्या पैशातून, 2028 ला उघडायचा बेत आहे. अमेरिका विरुद्ध जॉर्जिया, अमेरिका विरुद्ध टोंगा, अमेरिका विरुद्ध कॅनडा, अशा मॅच तिथे दरवर्षी ठेवा. 22 हजारांतलं भरलेलं स्टेडियम आणि ठरलेला महिना. लोकांना कॅलेंडरवर खूण करता आली पाहिजे. गणपती कधी ते आम्हाला कोणी सांगावं लागत नाही, तसं.

आणि क्लबच्या पोरांना त्या दिवशी फुकट आत सोडा. वरच्या रांगेत बसवा, खांबामागे बसवा, त्यांना चालतं. त्या बेअर्सच्या टोपीवाल्यासारख्याच्या शेजारी एकेक पोरगी बसवलीत तर तुमचं निम्मं मार्केटिंग फुकटात होईल, मी डोळ्यांनी बघितलंय.

बाबा आता प्रवास करत नाहीत. फोनवर विचारतात, काय म्हणतेय आपली साखळी? परवाच्या मॅचचं सांगितलं, अमेरिकेचं 85-0 पण सांगितलं. ते म्हणाले पंच्याऐंशी झाले म्हणजे कोणीतरी कोपरा सोडला होता.

तर साहेब, मॅडम. एप्रिलपासून आमची शनिवारची प्रॅक्टिस सकाळी आठला असते. तुमच्यापैकी कोणी शिकागोला स्टेडियम बघायला वगैरे येणार असाल तर तासभर काढून या. पोहे आणि चहा माझ्याकडून. ग्राउंड बदललं असेल तर आदल्या रात्री कळवेन. मेपल दिसलं की आम्ही तिथेच.

कळावे,
एका स्क्रमहाफची आई